चारचा फोन

९ फेब्रुवारी

श्वासावर लक्ष द्या म्हणे!

योगवर्गाच्या सरांचा आवाज अगदी मऊ. सतरंज्या अंथरलेल्या, पंखा मंद. शेजारच्या बाई तर बसल्या बसल्या घोरायला लागल्या. "श्वास आत येतोय... बाहेर जातोय... तुम्ही फक्त साक्षी." मी बघायला गेले आणि तिसऱ्याच श्वासाला तिचा, त्या फोनवरच्या बाईचा, श्वास ऐकू आला. शिट्टीसारखा, बारीक. मग त्याहून बारीक. उठले, चपला उचलल्या, अनवाणीच जिना उतरले. रस्त्यावर आल्यावर बघते तर एक चप्पल भलत्याच कुणाची!

नवरा म्हणाला, "पहिल्याच दिवशी पळालीस?" मग माझा चेहरा बघितला आणि उठला. चहा केला बिचाऱ्याने. साखर विसरला.

११ फेब्रुवारी

बाई म्हणाल्या, एकदा सरळ लिहून काढा. बाई म्हणजे माझ्या समुपदेशक. तोंडावर मॅडम म्हणते, इथे बाई.

बरं, लिहिते. मी रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात फोन घेते. घेत होते. दम्याच्या एका बाईचा फोन आला. घरात एकटी. इमारत सांगितली, मजला सांगितला. पण त्या वसाहतीला दोन फाटकं, गाडी मागच्या फाटकाला गेली आणि तिथे कुलूप. मी म्हणत होते, "मी लाइनवर आहे. फोन ठेवू नका." ती बोलायची थांबली. नुसता श्वास. मग तोही नाही.

आमचा नियम असा, की पथकातलं कुणी तिथे पोचून फोन हातात घेत नाही तोवर आपण लाइन सोडायची नाही. म्हणून मी त्या गप्प खोलीला सांगत राहिले, फोन ठेवू नका, फोन ठेवू नका. शेजारच्या टेबलावरची वळून बघायला लागली तरी सांगत राहिले.

चौकशी झाली. माझं काहीच चुकलं नाही असं ठरलं. साहेब म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस." जसं काही मी विकत आणून लावलंय! तेव्हापासून कुठलाही फोन वाजला की हात थरथरतात, पोटातून उमळून येतं. माझा फोन बंद करून कपाटात ठेवलाय. कपड्यांच्या खाली.

लिहिलं. बरं वगैरे काही वाटलं नाही.

१२ फेब्रुवारी

झोप नाही. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी असले आजार नव्हते." हो, तुमच्या वेळी नुसत्या बायका वेड्या ठरायच्या. हे बोलले नाही. पोळी लाटत राहिले.

१७ फेब्रुवारी

आज बाईंना सगळं सांगितलं, योगवर्गातून पळाले तेही. मला वाटलं हसतील. म्हणाल्या, "तुमच्यासाठी श्वास हे सुरक्षित ठिकाण नाही. सध्या तिकडे जायचंच नाही. पाय जमिनीला टेकवा. टाच, तळवा, बोटं. तिथून बघा." इतकी साधी गोष्ट! टाचेला कसली आठवण असणार? पाच मिनिटं टाचेत बसले. रडले, पण पळाले नाही.

मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय परत हवंय?" नोकरी म्हणेन असं मलाच वाटलं होतं. तोंडातून निघालं — अप्पांचा आवाज.

अप्पा दादा-वहिनीकडे असतात, रात्रभराच्या प्रवासावर. नवऱ्याच्या फोनवर माझी चौकशी करतात. नवरा फोन माझ्याकडे धरतो आणि मी मान हलवते, नाही, नाही. कानाला काही लावताच येत नाही. ते पलीकडे म्हणतात, "असू दे, असू दे." लाज वाटते. फार लाज वाटते.

२० फेब्रुवारी

बाईंनी पायऱ्या आखून दिल्यात. आपल्या भरवशाच्या माणसाने ठरल्या वेळी रोज फोन करायचा. मी उचलायचा नाही. आधी फोन दुसऱ्या खोलीत, मग याच खोलीत, मग समोर, मग त्यावर हात, आणि शेवटी उचलायचा. पाय जमिनीवर, वाजू द्यायचा, अंगात काय होतंय ते बघायचं.

नवऱ्याने अप्पांना विचारलं. अप्पांना कोण आनंद! "रोज चारला वाजवीन. उचलू नकोस म्हणावं, खबरदार!" आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं आणि घरी आम्हा दोघांना द्रष्टा आणि दृश्य. जेवताना आमटी सांडली तरी — सांडतंय ते दृश्य, बघतोय तो द्रष्टा. आई म्हणायची, पुसणारी कोण ते सांगा!

२३ फेब्रुवारी

चारला वाजला. मी स्वयंपाकघरात, फोन आतल्या खोलीत. बेसिन धरून उभी राहिले. ओकले.

अप्पांचा निरोप नवऱ्यामार्फत: घंटा हे दृश्य आहे, तू द्रष्टा आहेस. अप्पा, ओकारी द्रष्ट्यालाच येते हो!

२४ फेब्रुवारी

वाजला. ओकले नाही. एवढंच.

३ मार्च

फोन आता याच खोलीत, खिडकीपाशी. पडद्यावर नाव दिसतं — अप्पा. थरथर आहेच, पण ती बघता येते. कोपरापासून सुरू होते आणि बोटांत येते. पूर्वी मीच थरथर व्हायचे. आता थरथर आहे आणि तिच्या थोडी मागे मी आहे. अप्पा लहानपणापासून सांगत होते ते हेच असेल का? चाळिशी आली तेव्हा डोक्यात शिरलं म्हणायचं.

बाईंना हे सांगितलं. खुश झाल्या, पण म्हणाल्या, "जपून. शांत होणं आणि बधिर होणं बाहेरून सारखंच दिसतं. साक्षी म्हणजे गैरहजर नव्हे." यांना काही म्हणून कौतुक करता येत नाही!

१० मार्च

हात फोनवर ठेवला. तळहाताखाली कसं धडधडतं ते! पण ठेवला, पूर्ण वाजेपर्यंत. तिकडे अप्पा बसले असणार, खुर्चीत, चष्मा कपाळावर, फोन कानाला, काही न बोलता. कुणाचं कुणाशी बोलणं नाही आणि तरी रोजची भेट. वहिनी म्हणे त्यांना विचारते, "कुणाला फोन लावून गप्प बसता?" तर म्हणतात, "शिकवणी चालू आहे."

१७ मार्च

बाई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात उचलून बघू. तोवर फोन दिवसभर चालू ठेवायचा, कपाटात नाही. मी विचारलं, मध्येच भलत्या वेळी कुणाचा आला तर? म्हणाल्या, "चारचा तो सराव. वेळेबाहेर वाजला तर तो सराव नाही, तो फोन आहे. नाव बघा. नसेल जमत तर घरातल्या कुणाला उचलायला सांगा." मान डोलावली.

१९ मार्च

आज झालं! आज खरंच झालं!

सकाळी घरात मी एकटीच. नवरा कामावर, सासूबाई डोळे दाखवायला गेलेल्या. कपडे घड्या करत होते आणि फोन वाजला. नाव — अप्पा. साडेदहा वाजलेले. म्हटलं, मास्तर अचानक परीक्षा घेतायत! न सांगता चाचणी घ्यायची सवय शाळेपासूनची. समोर बसले, पाय टेकवले आणि बघत राहिले. वाजतोय. नुसतं वाजणं. कोपरात काही नाही, बोटांत काही नाही. हात मांडीवर, एकदम स्वस्थ. पूर्ण वाजून थांबला. थोड्या वेळाने परत वाजला, तेव्हाही तसंच. तिचा श्वास आला नाही. इतकी शांतता की मला हसू आलं. मग रडू आलं, चांगलं रडू.

इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा वाटतंय की मी यातून निघेन. पुढच्या आठवड्यात कशाला, उद्या चारला उचलतेच. काय बोलू? "पास का?" असं विचारेन.

चारला वाजला नाही. सकाळीच उरकलं वाटतं त्यांनी, लबाड!

२१ मार्च

गाडीत लिहितेय. अक्षर हलतंय.

अप्पा परवा सकाळी खोलीत पडले. दादा कामावर, वहिनी शाळेत शिकवायला गेलेली. दुपारी घरी आली तेव्हा बघितलं. डोक्यात रक्ताची गुठळी. उजवी बाजू गेली, वाचा गेली. फोन डाव्या हातात होता.

सराव नव्हता. तो फोन होता.

२२ मार्च

डॉक्टर दादाला सांगत होते, "तासाभरात आणलं असतं तर..." पुढचं मी ऐकलं नाही. मला ते पाठ आहे. मीच लोकांना सांगायचे, वेळ घालवू नका.

दादाने अप्पांचा फोन उघडून दाखवला. "दोन्ही फोन तुलाच. मला का नाही केला गं? मी पंधरा मिनिटांवर होतो." त्याला खरंच कळत नव्हतं. मला कळतंय. लेक त्याच कामातली. लेक लाइन सोडत नाही.

मी समोर बसून वाजताना बघितलं. पाय टेकवून. हसले सुद्धा.

दादाला सांगितलं. तो उठून बाहेर गेला. वहिनीने हात धरला, मी सोडवून घेतला.

२५ मार्च

आग लागो त्या साक्षीला.

२९ मार्च

परत आले. दादा म्हणाला, "तू जा आता." रागाने नाही, थकून. ते जास्त लागलं.

बाईंकडे गेले आणि किंचाळले. तुमचे पाय, तुमच्या टाचा, तुमच्या पायऱ्या! त्यांनी ऐकून घेतलं. तुमची चूक नाही असं म्हणाल्या असत्या तर उठून गेले असते. म्हणाल्या नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. मग म्हणाल्या, "या खेपेला कुणी तुम्हाला निर्दोष ठरवणार नाही. हे घेऊनच जगायला शिकावं लागेल. मी सोबत आहे." घरी येऊन फोन कपाटात ठेवायला गेले. कपाट उघडलं आणि तशीच उभी राहिले. ठेवला नाही.

६ एप्रिल

अप्पांना घरी आणलं. वहिनीने माझ्या नवऱ्याला फोनवर सांगितलं — डाव्या हाताने चमचा धरतात. बोलायला जातात, नुसती हवा येते. घड्याळाकडे सारखे बघतात. दुपारी फार अस्वस्थ होतात, काय हवंय कळत नाही.

मला कळलं. तरी नवऱ्याला सांगायला संध्याकाळ झाली. म्हटलं, "त्यांना फोन दे म्हणावं. चारला."

७ एप्रिल

चारला वाजला. अप्पा.

हात थरथरत होते, कोपरापासून बोटांपर्यंत. थरथरत्या हातांनीच उचलला. कानाला लावला.

शब्द नाही. नुसता श्वास. घरघरणारा, ओला, एका बाजूने येणारा.

मी म्हटलं, "अप्पा, मी लाइनवर आहे. फोन ठेवू नका."

ठेवला नाही त्यांनी. मीही नाही.