दादा, मी येत नाही

प्रिय दादा,

रविवारी तू मला कायमची तुझ्याकडे न्यायला येणार आहेस. हे गेल्यापासून माझ्या काळजीने तुझी झोप उडालीय, असं वहिनी सांगते.

माझं मात्र झकास चाललंय. माझ्या गुडघ्याचे व्यायाम घेणारी मुलगी दवाखान्यात पंक रॉकची गाणी लावते. पहिल्या दिवशी मी विचारलं, "अगं, हे गाणं आहे की भांडण?"

ती हसली. "काकू, ही तुमच्याच कॉलेजच्या काळातली गाणी आहेत."

खरंच की! तेव्हा कुठेतरी माझ्याच वयाच्या पोरी बेसूर, बिनधास्त गात होत्या, आणि मी घरात हळू बोलायला शिकत होते. त्या दिवसापासून वेडच लागलं. आता त्या मुलीच्या बँडमध्ये मी ड्रम वाजवते. ताल चुकतो, पण मी थांबत नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. पत्राची तू घडी घालून ठेवशील आणि तरीही न्यायला येशील. त्यापेक्षा ये. मी समोर बसून 'नाही' म्हणेन. मग पोटभर जेवू. आणि गाडी आणतोच आहेस, तर संध्याकाळी मला बँडच्या तालमीला सोड.

तुझीच,
धाकटी