पुतळाबाईच्या खाजेचं औषध आणि बादलीचा प्रकार

छत्रपती संभाजीनगर,
वैशाखातला शनिवार

मोतीराम पाहुणे, मुक्काम अजिंठा, यांना मुंजाबाचा हात जोडून रामराम.

इकडं सगळे बरे आहेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुमचा गुडघा कसा आहे? आवडाबाईंची कंबर? मेंढरं किती ठेवलीत आणि पाणी कुठं पाजता? (विहिरीला काही असेल तर कळवा. शहरात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, आणि आमच्या नव्या वसाहतीला तर अजून नळच नाही. इमारती आल्या, पाणी मागून येतंय म्हणतात.) तुमची बहीण मंगळवारी पिशवी घेऊन तुमच्या दारात उतरली, तेव्हा चार दिवस राहते म्हणाली असेल. पाहुणे, ती माझ्यावर रुसून आली आहे, आणि परत येईल की नाही हे मला माहीत नाही. मी फोन केला की तुम्ही तो तिच्या हातात देता आणि ती राँग नंबर म्हणून ठेवून देते. चाळीस वर्षांचा नवरा राँग नंबर झाला, म्हणून हे पत्र.

पत्राचं कारण मात्र औषध आहे, गैरसमज नसावा. पुतळाबाईचं खाजेचं औषध इथंच राहिलं आहे आणि ते कसं वापरायचं हे तुम्हाला कळवणं माझं काम आहे. टँकरच्या खारट पाण्यानं अंघोळ करून करून तिचं अंग कोरडं पडलं, पायावर पांढऱ्या रेघा उठल्या. रात्रंदिवस खाजवायची. मी कडुनिंबाचा पाला आणला, करंजीचं तेल आणलं, शेवटी सूनबाई सुकेशनीनं तिला छावणी भागातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी दोन बाटल्या दिल्या. दिसायला साधं अंगाला लावायचं क्रीम, पण आत औषध. मी चष्मा लावून बाटलीवरची नावं वाचली तर त्यात युरिया. मी जागेवरून उठलो. (युरियाचं पाणी पिऊन आपल्या अकरा मेंढ्या एका सकाळी गेल्या होत्या, तुम्हाला आठवत असेल.) बाईंनी समजावलं की एवढासा युरिया कातडीत ओल धरून ठेवतो, पोटात मात्र जाऊ द्यायचा नाही. मग त्यांनी वापरायची रीत सांगितली आणि मी मान हलवली. मान हलवणं आणि ऐकणं यात फरक असतो, हे पुढं दिसेलच.

आता आपली रीत तुम्हाला सांगायला नको. कळपात एक मेंढरू खुंटाला अंग घासायला लागलं की आपण बाकीच्यांची वाट बघत नाही, त्याच दिवशी सगळ्यांना औषध. मी इथं बघत होतो. पोरगा अजिनाथ हेल्मेट काढलं की मान खाजवतो. नात अक्षदा गणित करताना डोकं खाजवते. सुकेशनीचं मनगट. माझ्या मनात पक्कं बसलं की हे घरभर पसरतंय आणि शिकलेल्या माणसांना दिसत नाही. तेवढ्यात सोमवार उजाडला. सोमवारी भजनी मंडळ पहिल्यांदाच आमच्या घरी येणार होतं. पुतळाबाईला त्या मंडळात बसायला जागा मिळायला दोन वर्षं लागली होती. नोकरदार घरच्या बायका, आणि त्यांच्या म्होरक्या वच्छलाबाई, रिटायर हेडमास्तरीण, गावाकडं मोठी बागायत. पुतळाबाईनं सकाळपासून दोनदा घर पुसलं होतं. आणि मी गॅलरीतून बघितलं, तर खाली रिक्षातून उतरता उतरता वच्छलाबाई कोपर खाजवत होत्या.

पाहुणे, माझा हेतू चांगला होता. पाय धुवायला दाराशी टँकरच्या पाण्याची बादली ठेवली होती. त्यात मी एक बाटली रिकामी केली आणि पाणी लाकडानं ढवळलं. (मेंढ्यांना मापानं करतो, तसं इथंही माप विचारायला हवं होतं. ते मागाहून सुचलं.) नऊ बायकांनी हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. एकीच्या डोळ्यात गेलं, ती डोळे मिटून सोफा शोधू लागली. वच्छलाबाईंच्या टाचांना भेगा, त्यात औषध झोंबलं, त्या एक पाय उचलून उभ्या राहिल्या आणि दुसरा पाय फरशीवरून निघून गेला. लागलं काही नाही, देवाची कृपा. पण बसल्या त्या पुतळाबाईनं मांडलेल्या आरतीच्या तबकात. तरीही हा प्रकार कुणाच्या ध्यानात आला नसता. घात झाला तो गेरूमुळं. औषध दिलेलं मेंढरू पुन्हा धरलं जाऊ नये म्हणून आपण गेरूचा ठिपका देतो ना, तसा मी ज्यांचे पाय धुऊन झाले त्यांच्या चपलेवर ठिपका देत होतो. सातव्या चपलेला अक्षदानं बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, आजोबा हे काय करताय. मी खरं सांगितलं. तेच चुकलं.

बायका गेल्यावर तुमची बहीण ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. एवढंच म्हणाली, "म्या लई दिसांनी मानसांत बसले व्हते. तुमी मला पुन्ना मेंढरांत नेऊन बसिवलं." आणि सकाळी पहिल्या गाडीनं गेली. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

म्हणून आता रीत नीट लिहितो. बुधवारी एकटाच डॉक्टरीणबाईंकडं गेलो आणि या वेळी वहीत उतरवून आणलं. अंघोळ कोमट पाण्याची, थोडक्यात, साबण बेताचा. अंग पंच्यानं टिपायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच औषध लावायचं. नवीन बाटली असेल तर आधी कोपराच्या आत बोटभर लावून दोन दिवस बघायचं. डोळ्यांपासून लांब, भेगांवर नाही, खरचटल्यावर नाही. लाल झालं, आग झाली तर धुऊन टाकून डॉक्टरांना दाखवायचं. आणि ज्याच्या नावानं दिलं त्यानंच लावायचं. (हे वाक्य बाईंनी माझ्याकडं बघून दोनदा सांगितलं.) तिथूनच पुढं वच्छलाबाईंकडं माफी मागायला गेलो. त्यांनी चहा दिला आणि येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी भजन आमच्याच घरी ठेवलंय म्हणाल्या, कारण पुतळाबाईशिवाय वरचा सूर कुणी लावत नाही. बादली मात्र त्या स्वतः भरणार आहेत. हे तिला जरूर सांगा.

घर खायला उठतं, पाहुणे. सुकेशनी वेळेवर भाकरी वाढते आणि आत निघून जाते. लहानांना आशीर्वाद, थोरांना दंडवत, आणि जिला काय द्यावं कळत नाही तिला हे सगळं पत्र.

तुमचा,
मुंजाबा

ता. क. – हे औषध तेलकट आहे, कपड्यांत मुरतं आणि मग कपडा लवकर पेट घेतो. तिला चुलीपुढं बसवू नका आणि तुमची बिडी अंगणात ओढा. औषधाचे हात मेंढरांनाही चाटू देऊ नका.

ता. क. दुसरा – बाटली इथं राहिली असं वर लिहिलं आहे. ती राहिली नाही. तिनं ती आठवणीनं पिशवीत घातली होती. ती वेणी घालत असताना मी काढून घेतली, औषधासाठी तरी माघारी फिरेल म्हणून. पाच दिवस ती तिथं खाजवत असेल ते माझ्यामुळं. हे तिला तुम्ही सांगू नका, मीच सांगेन.

ता. क. तिसरा – पत्र हातात पडलं की मला फोन करा, दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं बाटली घेऊन येतो. ती नको म्हणाली तर स्टँडवरच तुमच्या हातात देऊन त्याच गाडीनं परत फिरेन. फक्त तिला एक विचारा. हातापायाला ती स्वतः लावेल, पण पाठीच्या मधोमध तिचा हात पोचत नाही. तिथं कोण लावणार?