आल्याचा केक आणि थर्ली टॉरची वाट

एक्सेटर,
५ मे १९५२

प्रिय थोरल्या बहिणीस, हेस्टरला, धाकट्या ऑब्रीचा नमस्कार वि. वि.

तुझे पत्र पोचले. कर्नलसाहेबांची सगळी जमीन ब्रिस्टलच्या मि. ऑर्पवुड यांनी घेतली आणि आल्या आल्या चर्चच्या घंटेला नवा दोर दिला, हे वाचून गाव किती हरखले असेल याची कल्पना आली. मी हरखलो नाही. त्याच सद्गृहस्थांनी काउंटीच्या जिल्हा कचेरीला कळवले आहे की थर्ली टॉरच्या खडकाळ टेकडीवर जाणारी पायवाट खाजगी आहे, आणि लोक तिच्यावरून जातात ते केवळ मालकाच्या कृपेने. कृपा! आपला पणजा त्या वाटेने माथ्यावरच्या खडकांपर्यंत जात होता, तेव्हा या गृहस्थांच्या घराण्यात माळरान कोणी डोळ्यांनी तरी पाहिले होते का?

काउंटी सध्या साऱ्या पायवाटांचा नकाशा करते आहे. आपल्या वाटेची सुनावणी जुलैत. वीस वर्षे लोक हक्काने चालत आले असे सिद्ध झाले, की वाट नकाशावर चढली; मग ऑर्पवुडच काय, त्यांचा नातूही ती बंद करू शकणार नाही. सिद्ध झाले नाही, तर ते तारेचे कुंपण घालतील आणि आपण टॉर खालूनच बघू. हक्काने म्हणजे कसे, हे रोमन वकिलांनी सांगून ठेवले आहे आणि मी ते वर्गातल्या मठ्ठ पोरांकडूनही घोकून घेतो: बळजबरीने नव्हे, चोरून नव्हे, परवानगी मागून नव्हे.

म्हणून बेत असा. व्हिट सोमवारची, म्हणजे २ जूनच्या सणाच्या सुट्टीची, आपली चढाई यंदा साऱ्या गावाने मिळून करायची. ताठ मानेने, भर दिवसा. रेव्हरंड स्नेल यांना तेवढे मागे ठेव. ते कुंपणाच्या खांबाचेही आभार मानतात. जुलैत मुख्य साक्ष तुझी. दर वर्षी न चुकता वर गेलेली बाई गावात तू एकटीच.

प्रकृतीस जपावे. माझा संताप जगावर आहे, तुझ्यावर नाही.

तुझा,
ऑब्री

लोअर थर्ली,
१० मे १९५२

प्रिय ऑब्रीस, हेस्टरचा आशीर्वाद.

बेत वाचला. तुझ्या बेतात जेवणाचा उल्लेख नसतो, म्हणून तो मी केला. मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या मी करीन, चहा स्नेलबाई आणतील. चहा अजून मापूनच मिळतो, तेव्हा दोन दोन कप मागायचे नाहीत. मिसेस येलंडचा गुडघा सुजला आहे, पण ती म्हणते की सगळे गाव वर गेल्यावर खाली राहून निंदा तरी कोणाची करायची?

मि. ऑर्पवुड तुला वाटतात तसे नाहीत. मी नेहमीप्रमाणे चिठ्ठी आणि आल्याचा केक धाडला, की सोमवारी टॉरवर जावे म्हणते, आपली हरकत नसावी. त्यांचे लगेच उत्तर आले, अवश्य जा. कर्नलसाहेबही असेच लिहीत. आई दर वर्षी विचारी, तिच्यामागे मी विचारते. तुला ठाऊक नव्हते?

गरम मोजे आण. माया आहेच, ती लिहून दाखवत नाही.

हेस्टर

एक्सेटर,
१३ मे १९५२

हेस्टरला, नमस्कार. वि. वि. लिहिण्याच्या मनःस्थितीत मी नाही.

तुझे पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचले, आणि त्यावर मी मोठ्याने जे बोललो ते लॅटिन नव्हते. दर वर्षी? चिठ्ठी लिहून? केक देऊन? अगं, मागून चालायचे नाही हीच तर मुख्य अट! आयुष्यभर तू वाटेने चालत नव्हतीस, तू भिक्षा मागत होतीस. आणि भिक्षेकऱ्याने दात्याला वर केक द्यावा हा प्रकार शास्त्रात कुठेही सांगितलेला नाही. तोही रेशनच्या साखरेचा!

जुलैत त्यांचा वकील तुला एकच प्रश्न विचारील, की बाई, तुम्ही विचारून जात होता का? तू हो म्हणशील, कारण खोटे बोलणे तुला जमत नाही. झाले, वाट गेली. कर्नलने बंदूक रोखून अडवले असते तरी परवडले असते. अडवणाऱ्याशी भांडता येते. 'अवश्य जा' म्हणणाऱ्याशी काय भांडायचे? साऱ्या गावाचा हक्क तुझ्या विनयाने बुडवला, हेस्टर.

लोभ आहे, पण आज हाताशी सापडत नाही.

ऑब्री

लोअर थर्ली,
१६ मे १९५२

ऑब्री,

आशीर्वाद या वेळी टपालखर्चात बसत नाही.

मी भिकारीण काय? मे-जूनमध्ये वरच्या कुरणात वळू असतो. चिठ्ठी मिळाली की कर्नल तो हलवत. मी विचारले नसते तर वळूला कोण सांगणार होते, तुझे रोमन? ज्याच्या कुरणातून जायचे त्याला सांगून जावे, एवढी माणुसकी आईने शिकवली. तिच्यामागे मी तिची रीत ठेवली. तू तिचे काय ठेवलेस? घड्याळ.

आणि या हक्काच्या वाटेवरून वीस वर्षांत तू स्वतः किती वेळा चाललास? तीनदा. त्यातही एकदा चष्मा घरी राहिला म्हणून अर्ध्यातून परतलास. वाट गेली तर माझी जाईल. त्या खडकांवर बसून मी वर्षातून एकदा चार तास कोणाच्याही हाकेला ओ देत नाही. तुझ्यासाठी तो एक खटला आहे.

सुनावणीला मी येणार नाही. सोमवारचे तुझे तू बघ.

हेस्टर

लोअर थर्ली,
२८ मे १९५२

ऑब्री, नमस्कार-चमत्कार नंतर. आधी हे वाच.

काल मि. ऑर्पवुड यांची चिठ्ठी आली. सोमवारी त्यांचे ब्रिस्टलचे पाहुणे टॉरवर चहाला बसणार आहेत, सबब त्या दिवसाची परवानगी मागे घेत आहेत. मंगळवारी मी जाऊ शकते, सहा माणसांपर्यंत. केक उत्तम होता. सोमवारी पाहुण्यांसाठी तसाच आणखी एक करून देता येईल का?

मी चिठ्ठी दोनदा वाचली. मग हॅट घातली आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. ते फार गोड बोलले. म्हणाले, या, परवानगीचेच ना, मंगळवार ठरला. म्हटले, मी काही विचारायला आलेली नाही. सोमवारी आम्ही येतो आहोत, एवढे सांगायला आले. त्यांना वाटले मला कमी ऐकू येते. ते मोठ्याने म्हणाले, सोमवारी परवानगी नाही. मीही तेवढ्याच मोठ्याने म्हटले की उत्तम, ती मला आता सोमवारचीही नको आणि मंगळवारचीही नको, या जन्मात कधीच नको. त्यांची स्वयंपाकीण दारामागून ऐकत होती, म्हणजे संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाला कळले. ते म्हणाले, तुम्ही कर्नलशी अशा वागत नसाल. म्हटले, नव्हते वागत, आणि तीच चूक झाली. दोघांचे 'अवश्य' एकच होते. कर्नलने ते कधी परत घेतले नाही, म्हणून मला ते आपलेच वाटत राहिले.

भिक्षेबद्दल तू जे लिहिलेस त्याची माफी मागू नकोस. घड्याळाचे माझेही शब्द मी परत घेत नाही. जुलैत मी येईन आणि खरे तेच सांगेन, की होय, मी विचारून जात होते. आपण हरू. वाट नकाशावर चढणार नाही.

पण सोमवारी नऊ वाजता तू कुंपण ओलांडायच्या पायऱ्यांशी ये. काही मोडायचे नाही, लपायचे नाही, कोणाला विचारायचे नाही. पाहुण्यांच्या चहाच्या मधून वर जायचे. त्यांनी माणूस उभा केला तर त्याच्या बाजूने जाऊ. वळू असला तर धावू. मिसेस येलंडने तयारी दाखवली आहे. सारे गाव येते आहे. न विचारता चालण्याचे हे पहिले वर्ष. वीस भरतील तेव्हा मी पंच्याहत्तर वर्षांची असेन आणि तू बाहत्तरचा. तेव्हा आता सिगारेटी सोड, आणि दर व्हिट सोमवारी ये.

लोभ ठेव. मागत नाही, सांगते आहे.

हेस्टर