कॉलरी कमी झाल्या

प्रिय धाकट्या,

तू हाताच्या अंतरावर मशीन चालवतोयस आणि मी तुला पत्र लिहितेय. ताईचं डोकं फिरलं म्हणशील, म्हण बापडा. तोंडाने सांगायला गेले की तू थट्टेवारी नेतोस, म्हणून हा उद्योग. आपलं काम आटत चाललंय हे तुझ्याही लक्षात आलंय. दोघांचं कसं भागणार, या काळजीने तू हल्ली जेवतानाही हात आखडतोस.

तुमच्या शर्टांच्या कारखान्याने मंदीत माणसं घरी बसवली, तेव्हा तू माझ्या या बाहेरच्या खोलीत आलास. ना पाटी, ना हजेरी. दोन मशिनी आणि जुन्या कपड्यांचा ढीग. विरलेली कॉलर उसवायची, उलटायची, चांगली बाजू वर घेऊन शिवायची, एवढंच काम. पण तू जन्मभर नुसते खिसे लावलेले! पोस्टमनकाकांची कॉलर उसवलीस आणि फाटकी बाजूच पुन्हा वर ठेवून इतकी सुरेख शिवलीस, की रागवावं की शाबासकी द्यावी हे काकांना कळेना. मी हसून हसून मशीनवर पालथी पडले. तेव्हा नवं घेणं कुणालाच परवडत नव्हतं, म्हणून आपल्या दारात रीघ. जगाची मंदी ती आपली तेजी!

आता काका नवाकोरा शर्ट घालून गल्लीभर मिरवतात. उलटायला येणाऱ्या कॉलरी कमी झाल्या की मंदी सरते, हे मी आधीही पाहिलंय. धंदा बसला म्हणून मी कपाळाला हात लावायला हवा, पण मला तर नाचावंसं वाटतंय. माणसं सावरली रे!

काल तू दूध आणायला गेलास तेव्हा तुमचा मुकादम येऊन गेला. कारखान्याने तुला दोनदा बोलावलं आणि 'ताईला एकटीला कामाचा भार झेपणार नाही' म्हणून तू नाही म्हणालास म्हणे. कसला भार, लबाडा? उरलेल्या कामाला मी एकटी पुरून उरेन. पुन्हा मंदी आलीच तर खुशाल ये, तुझी मशीन जागची हलणार नाही. तू शेजारी होतास ते दिवस फार सुखाचे गेले. समोर बोलले असते तर रडू फुटलं असतं. तू सोमवारी कामावर येतोयस, असं मी मुकादमाला परस्पर सांगून टाकलंय. आता माझं नाक कापू नकोस.

तुझीच, कान पिळायला टपलेली,
ताई