पगडीसाठी बॅकलिंक

२० सप्टेंबर २००४
माझा लेक प्रतापसिंह, त्याची कंपनी जानेवारीत बंद पडली. त्याआधी पुण्याची बदली मिळत होती. मीच म्हटलं, बडोदं सोडायचं नाही. ते आता उगाळायचं नाही. आता तो घरी लग्नाच्या पगड्या बांधतो. त्याच्या मुलीने, शिवांगीने, वेबसाइट काढलीय. बघायला चिटपाखरू येत नाही. ती म्हणते, दुसऱ्यांच्या वेबसाइटवर आपलं नाव हवं, त्यावर दाबलं की माणूस थेट आपल्याकडे. त्याला बॅकलिंक म्हणतात. म्हटलं, माणसं पारखायचं काम माझं. तिने बारा वेबसाइटींचे कागद छापून दिले. आठवड्यात निकाल लावते.

२४ सप्टेंबर
सात कापल्या. केटरर दीनानाथ: याच्या बापाने माझ्या लेकीच्या लग्नात दुसऱ्या पंगतीला मठ्ठा संपवला. हॉलवाले: उर्मट. अमेरिकेतलं मंडळ: फोटोत एकीच्या कपाळाला कुंकू नाही. शिवांगी म्हणाली, आजी, सोयरीक नाही करायची, नुसती लिंक हवी. पोरीला काय कळतं.

३० सप्टेंबर
पितृपक्ष. नव्या माणसाकडे आत्ता कसं मागायचं? पंधरा दिवस थांब म्हटलं. म्हणाली, इंटरनेटला पितर नसतात. प्रतापसिंह पगडीला जरीची कड लावत होता. एकदा तरी म्हणावं त्याने, आई, तुझ्यामुळे झालं. म्हणत नाही. जेवण गेलं नाही. दोनच पोळ्या.

७ ऑक्टोबर
आणखी चार कापल्या. उरले एक, फतेगंजचे फोटोवाले भास्करराव. शिवांगी म्हणते, सगळ्यांत चांगली तीच, परदेशातले लोकसुद्धा बघतात. ई-मेल लिहून तयार आहे. म्हटलं, थांब, या गोष्टी समोरासमोर होतात. उद्या मीच जाते. स्वतः गेलं तर पितृपक्ष चालतो.

८ ऑक्टोबर, दुपारी
गेले. केम छो बा, म्हणाले. चहा मागवला. आमचं कार्ड दिलं. आल्बम दाखवायला लागले. एका नवरदेवाची पगडी पाहून तोंडातून निघून गेलं, ही कुणी बांधली? टोपलं पालथं घातल्यासारखी दिसतेय. म्हणाले, माझ्या मेहुण्याने. लहरीपुऱ्यात दुकान आहे त्याचं. लिंकचं बोलायचं राहिलंच.

संध्याकाळी
घरी सांगितलं, विचार करून कळवतो म्हणाले. शिवांगीने लगेच आपला मेलही पाठवला. मी अडवायला हवं होतं. काय सांगून अडवणार?

११ ऑक्टोबर
रोज ती मेल उघडते, बाप मागे उभा राहतो. त्याच्या बनियनला खांद्यावर भोक पडलंय, नवा घेत नाही. नवरात्रात सगळं खरं सांगायचं. नक्की.

१५ ऑक्टोबर
काल घट बसले. सणाला घरात कुरबूर नको. उद्या.

१६ ऑक्टोबर
सांगायला गेले. प्रतापसिंहने विचारलं, काय गं आई? म्हटलं, शेंगदाणे संपलेत. खंडेराव मार्केटातून दीड किलो घेऊन आला.

१९ ऑक्टोबर
मेल आला. शिवांगीने मोठ्याने वाचला. भास्करराव लिहितात, पगड्या सुबक आहेत, आमच्या मेहुण्यापेक्षा सुबक, पण हे माझ्या बायकोला कळू देऊ नका. लिंक लावतो. अट एकच. आजींना परत पाठवू नये.
प्रतापसिंह हसला. कंपनी बंद पडल्यापासून पहिल्यांदा. शिवांगी मला न विचारता उरलेल्या अकरांना लिहायला बसली. मग त्याने विचारलं, आई, तिथे बोललीस तरी काय?
म्हटलं, काही नाही रे. चहात साखर कमी होती, तेवढं सांगितलं.