उंबऱ्याचं औषध

बाबा, आज आपल्या घराचा उंबरा काढावा लागला. सुतारानं पेचकस टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. वरून कसा धडधाकट, हळदीकुंकू लावलेला, आणि खालून बुरशीनं पार भुसभुशीत, कडेला वाळवीनं मातीची वाट बांधलेली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या क्षणी मला तुमचाच राग आला. का गेलात, म्हणून.

तुमचा जन्म वखारीत लाकडाला औषध लावण्यात गेला. पुण्यात कंपन्या आल्या, वाघोलीपर्यंत इमारती उठल्या आणि बिल्डरांना आज सांगितलेल्या चौकटी उद्या हव्या झाल्या. तुम्ही घरी येऊन कुरकुरायचात, स्वतःला दम खायला वेळ नाही आणि लाकडालाही वाळू देत नाहीत. त्या कंपन्यांपैकीच एकीत मी लागले आणि कर्ज काढून वाघोलीला रो-हाउस घेतलं. आईची एकच अट, उंबरा लाकडाचा हवा. मग नारायण पेठेतल्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही जुन्या पातेल्यात टाकणखार आणि बोरिक पावडर उकळत बसलात. आईनं विचारलं, आजची आमटी कुठल्या किड्यांसाठी? तुम्ही मान वर न करता म्हणालात, पहिल्या वाटीनंतर पुन्हा मागणार नाहीत अशांसाठी. ते गरम पाणी तुम्ही सागवानाला ब्रशनं पाजलंत, कापलेल्या टोकांना जास्त, कारण लाकूड तिथूनच पितं. वाळल्यावर वरून जवसाचं तेल.

आणि नव्या घरात आईनं पहिल्याच सकाळी उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतलं. धुतला, पुसला, रांगोळी काढली. दुसऱ्या दिवशीही तेच. तुम्ही हातात चहा घेऊन नुसते बघत उभे आहात, ते मला अजून दिसतं. ते औषध पाण्यात विरघळून जातं, हे मला तुम्हीच सांगितलं होतंत. मी म्हटलं, आईला सांगते. तर माझ्यावरच डाफरलात.

"खबरदार बोललीस तर. ती माझ्या भल्यासाठी पाणी घालते. लाकडाचं मी बघून घेईन."

आणि बघितलंतही. दर वर्षी दिवाळीनंतर आई विश्रांतवाडीला मावशीकडे राहायला जायची. तेवढ्यात तुम्ही उंबरा वाळवायचात, औषध पाजायचात, तेल चोळायचात आणि साळसूदपणे पेपर वाचत बसायचात. आई आल्या आल्या त्यावर पाणी ओतायची. तुमच्यानंतर ती मावशीकडे राहायला गेलीच नाही. एकटीला करमत नसेल, असं मी धरून चालले. उंबरा मग कधी कोरडा झालाच नाही.

आज सुतार आईसमोरच म्हणाला, काकू, रोजच्या पाण्यानं खाल्लाय हा. मला वाटलं, तुम्ही जपलेली गोष्ट आता फुटणार, आणि या वयात ती स्वतःला बोल लावत बसणार. मी घाईनं म्हटलं, नाही हो, बिल्डरनंच कच्चं लाकूड घातलं असेल.

आई पायरीवर बसली होती. कुजका तुकडा हातात घेऊन म्हणाली, "उगाच बिल्डरला नावं ठेवू नकोस. ह्यांना वर्षातून एकदा उंबरा कोरडा लागायचा. मी घरात असताना तो बिनपाण्याचा ठेवणं मला जमलं नसतं. म्हणून जायचे. नाहीतर तुझ्या मावशीच्या त्या डासांत कोण राहतंय?"

तुम्हाला हे माहीत होतं का हो? मला तर वाटतं, तिनं शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही. सुतार ग्रॅनाइट सुचवून गेला. आईनं त्याला सागवानच आणायला सांगितलं, आणि मला म्हणाली, पुढच्या दिवाळीनंतर मला विश्रांतवाडीला सोड.

हे पत्र घालायला पेटी नाही, आणि आईला मी ते दाखवणार नाही. मी आणि माझा नवरा दिवसभर एकमेकांना मेसेज करत असतो, भाजी काय आणू इथपर्यंत. आईचं ऐकून मला रडू येईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही, बाबा. मला तुमचा दोघांचा हेवा वाटला.