दिवा बंद करायला मी मागे वळले

फिदेलिनाताई,

जिने मला चालायला शिकवलं आणि कुठे जायचं नाही तेही शिकवलं, त्या माझ्या थोरल्या बहिणीला धाकट्या एर्लिंदाचा नमस्कार. दुःखी मातेची छाया तुझ्या घरावर राहो आणि तुझा आशीर्वाद माझ्यावर.

आधी पातेल्याचं बोलते. मागच्या जत्रेला तू माझं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं नेलंस ते अजून तुझ्याकडेच आहे. त्याचा एक कान ढिला आहे, तो तू ढिला केलास असं मी म्हणत नाही, पण देताना घट्ट होता. आता तुझा गुडघा कसा आहे? लाल कोंबडी परत अंडी घालायला लागली का? आम्ही इकडे सगळे देवाच्या दयेने सुखरूप आहोत, म्हणजे तुझा मेहुणा अनाक्लेतो सुखरूप आहे, लेक दोमितिला आता बरी आहे, आणि मी पत्र लिहिते आहे.

तू म्हणशील, घरात फोन असताना ही बाई कागद का खर्च करते. (कागद दोमितिलाच्या चुकलेल्या पत्रिकांचा आहे, मागची बाजू कोरी होती. पुढच्या बाजूचे देवदूत बघून मनाला लावून घेऊ नकोस.) जे सांगायचं आहे ते फोनवर सांगण्यासारखं नाही, आणि फोनच्या देखत तर मुळीच नाही. आत्ता मी त्याला पिठाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं आहे. पत्र दुधाच्या गाडीवाल्या सेराफिनकडे देते. तो पैसे मागेल, देऊ नकोस, मी त्याला चीज दिलं आहे. सोबत दोरीने बांधलेलं पुडकं आहे. पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ते सोडू नकोस. आणि दोरी कापू नकोस, गाठ सोड, दोरी मला परत हवी आहे.

तर दोमितिला. तुला माहीत आहे की ती घरी बसून इंटरनेटवर पत्रिका करून विकते: बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या आणि गेलेल्या माणसांच्या महिन्याच्या प्रार्थनेच्या. वर मालक नाही, साहेब नाही, याचं मला सुरुवातीला फार कौतुक होतं. नंतर कळलं की साहेब नसला की ‘आता पुरे, घरी जा’ असं म्हणणाराही कोणी नसतो, आणि ती तर घरीच होती, जाणार कुठे? दोमितिला हे आपल्या आजीचं नाव ऐकून गिऱ्हाइकं बिचकतील म्हणून तिने तिथे ‘दानी’ असं नाव घेतलं. (आजीच्या नावाने कोणी बिचकत असेल तर आजीला बघितलेलं असणार, मग मी काही म्हणत नाही.) दानीची गिऱ्हाइकं लिमात, चिलीत, पार स्पेनमध्ये. आपण झोपायला निघालो की स्पेनची उठतात. उत्तराला उशीर झाला की एक तारा कमी देतात, आणि तो तारा परत मिळवायला माझी पोर जेवणाचं ताट सोडून पळायची.

हळूहळू तिचा रंग उतरला. मग तो प्रकार घडला. एका मुलीचा पंधरावा वाढदिवस आणि एका आजोबांची महिन्याची प्रार्थना, दोन्ही कामं एकाच वेळी हातात. मुलीच्या फोटोखाली गेलं ‘अत्यंत दुःखाने कळवतो की’ आणि आजोबांच्या डोक्यावर गुलाबी मुकुट, खाली ‘आजपासून माझं आयुष्य सुरू होतंय!’ आजोबांच्या घरच्यांनी काही तक्रार केली नाही, उलट म्हणाले की म्हातारा प्रथमच आनंदी दिसला. मुलीची आई मात्र फोनवर इतकी किंचाळली की चुलीखाली पाळलेले गिनीपिग कोपऱ्यात जाऊन बसले. मला वाटलं दोमितिला आता रडेल. ती हसली. हसून म्हणाली, “आपल्या अभिप्रायाबद्दल मनापासून आभार.”

त्यानंतर ती घरातही तसंच बोलायला लागली. अनाक्लेतोने सुपाला मीठ मागितलं तर म्हणाली, “नमस्कार! आपला निरोप मिळाला. आम्ही लवकरच आपल्याशी संपर्क साधू.” तो ओरडला, “अगं मीठ मागितलं मी, पेन्शन नाही!” तिने त्याच हसऱ्या तोंडाने पुन्हा तेच वाक्य म्हटलं, तेव्हा त्याने चमचा खाली ठेवला आणि उरलेलं सूप अळणीच प्यायला. झोपेत तिची बोटं गोधडीवर टकटक करायची. आणि गिनीपिग, जे तिच्या पावलांचा आवाज ऐकला की गवत मागत किंचाळायचे, ते ती स्वयंपाकघरात आली की गप्प व्हायचे. परका माणूस आला की होतात तसे.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. रक्तात दोष नाही, म्हणाल्या, न थांबता केलेल्या कामाने माणूस आतून संपतं. फोन बंद, ठरल्या वेळी झोप, रोज चालणं, माणसांत बसणं. औषध काहीच नाही. (फुकटचा इलाज म्हणून मला लगेच पटला, खोटं कशाला बोलू.) दोमितिलाने सगळं केलं. चालली, झोपली, माणसांत बसली. पण घर झाडून, दिवे लावून, पाहुणाच येऊ नये तसं झालं. शरीर तयार आणि आत यायला कोणी नाही. एकदा एवढंच म्हणाली, “आई, मी थांबले तर दानीचं कसं होईल?” जणू शेजारणीची चौकशी करत होती.

मग मी उर्बाना म्हातारीला बोलावलं. तिने जन्मभर घाबरलेल्यांचे आत्मे हाका मारून घरी आणले आहेत, ओढ्यावरून, दरीतून, एकदा तर न्यायालयाच्या पायऱ्यांवरून. दारातच तिने विचारलं, “पोर घाबरली कुठे?”

“कुठेच नाही,” मी म्हटलं, “खुर्चीत.”

“खुर्चीत कोण घाबरतं गं?”

“रोज थोडं थोडं, उर्बानाबाई.”

म्हातारीने मान हलवली. दिवस कलताना सुरुवात केली. पोर अंगणापलीकडे तिच्या खोलीत पडलेली. आम्ही दोघी कामाच्या खोलीत. दोमितिलाचा स्वेटर खुर्चीवर पसरला, सतापाच्या पाल्याच्या जुडीने खुर्ची झाडली, पवित्र पाणी शिंपडलं. विधी तुला माहीत आहे: जिथे आत्मा राहिला तिथून नाव घेऊन हाक मारायची, आजारी माणसाने ‘आले’ म्हणायचं, मग ते कापड ओढत घरी न्यायचं आणि अंगावर पांघरायचं, वाटेत मागे वळून बघायचं नाही. उर्बाना हाक मारायला लागली, “ये गं दोमितिला, ये लेकी, इथे राहू नकोस.” काही नाही. पुन्हा हाक मारली. तेव्हा टेबलावरचा फोन उजळला आणि गोड आवाज आला, “नमस्कार! मी दानी! मी इथेच आहे, सांगा काय करू!”

(हा आवाज दोमितिलानेच गिऱ्हाइकांसाठी भरून ठेवला होता. नेमका त्याच क्षणी कोणा गिऱ्हाइकाचा निरोप आला असणार. मी हे स्वतःला रोज सांगते.)

“ही कोण?” उर्बाना म्हणाली.

“ही गिऱ्हाइकांसाठीची.”

“मग घरची कुठाय?”

म्हातारी म्हणाली की आपली हाक पोरीच्या ओळखीची नाही, लहानपणी जेवायला जी बोलवायची तिने बोलवावं. “आणि गोड बोलू नकोस. गोड बोलणारे तिला पुष्कळ भेटलेत.” मग मी पदर खोचतात तशी शाल खोचली आणि पोट रिकामं होईपर्यंत ओरडले, “दोमितिला एउदोसिया! सूप गार होतंय! आता उठली नाहीस तर डुकराला घालीन, मग बस भोकाड पसरून!” आणि अंगणापलीकडून, ताई, अशी वैतागलेली हाक आली, “आले गं बाई, आले ना! किती ओरडतेस!” तो वैताग ऐकून मी जागच्या जागी मातेचे आभार मानले. किती दिवसांनी माझ्यावर कोणी चिडलं होतं!

उर्बाना पुढे पाणी शिंपडत, मी मागून स्वेटर ओढत, अशा आम्ही निघालो. उंबरा ओलांडला आणि मला आठवलं, दिवा! आत कोणी नाही आणि दिवा जळतोय. तू मला ओळखतेस. चर्चमध्ये प्रार्थना चालू असतानाही माझं लक्ष उरलेल्या मेणाकडे असतं. मी वळले.

खुर्ची रिकामी नव्हती. कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. दोमितिलाचेच केस, पण नीट विंचरलेले. मान न वळवता तिने एक बोट वर केलं, ‘एक मिनिट हं’ अशा अर्थी, फार आदबीने. मी दिवा बंद केला (वळलेच होते, तर तेवढं तरी करावं) आणि निघाले. अंधारात टकटक चालूच राहिली. उर्बानाला मी हे सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तिने सगळा विधी पुन्हा करायला लावला असता, आणि सताप संपला होता.

दोमितिला बरी झाली, याबद्दल मातेला मोठी मेणबत्ती लावली आहे. स्वेटर पांघरल्यावर ती गाढ झोपली, उठली ती भुकेली उठली. बापाशी भांडते, मक्याचे दाणे भाजून खिशात भरते, गिनीपिग तिला बघून पूर्वीसारखे ओरडतात. आता ती बाजाराच्या दिवशी चर्चसमोर टेबल मांडून पत्रिका करते आणि दुपारी टेबल मिटते. म्हणते, समोर उभ्या गिऱ्हाइकालाही भूक लागते, मग तो आपणहून जातो. इंटरनेटवरचं दुकान तिला कायमचं बंद करायचं आहे. मीच म्हटलं, जरा थांब. कारण त्या संध्याकाळनंतर, ती झोपलेली असताना, साऱ्या गिऱ्हाइकांना उत्तरं गेली होती. गोड, वेळेवर, फुलांच्या चित्रांसकट. आता तूच सांग, अशा वेळी ती खुर्ची रिकामी ठेवणं शहाणपणाचं आहे का?

म्हणून मी बसते. जपमाळ घेऊन बसते, की तिथे दुसरं कोणी बसू नये. आणि बसलेच आहे तर उत्तरं पण देते, शाळेची शेवटची परीक्षा पास झालेली आहे मी, लिहिता येतं मला. सुरुवातीला चांगलं चाललं होतं. एकीला लिहिलं की लग्नाची एवढी घाई का, मुलाच्या आईला आधी भेट. एकाला लिहिलं की एवढी माणसं बोलावून त्यांना खायला काय घालणार आहेस. लोकांना आवडलं, तारे आले. पण हल्ली उत्तरं मला न विचारताच जातात. लिहून झाल्यावर वाचते तर ती माझ्यापेक्षा गोड असतात. काल अनाक्लेतोने चिखलाच्या बुटांनी गालिचा तुडवला आणि मी त्याला म्हटलं, “काही हरकत नाही, आपली सोय हाच आमचा आनंद.” त्याने बूट काढून बाहेर ठेवले, जे लग्नापासून कधी केलं नव्हतं, आणि पांघरायचा पोंचो घेऊन गोठ्याजवळच्या खोलीत झोपायला गेला. दोमितिला मला त्या खोलीतून हाताला धरून बाहेर काढते, मी बाहेर येते, आणि थोड्या वेळाने परत तिथेच असते.

पण काळजी करू नकोस, मला काही झालेलं नाही. भूक नाही एवढंच. आपला वेळ दिल्याबद्दल आभार, आपल्याला आणखी काही मदत हवी असल्यास अवश्य कळवा. (हे वाक्य मी लिहिलेलं नाही. खोडणार होते, पण शाई दोन्ही बाजूंनी फुटते आणि देवदूत खराब होतात.)

कोंबड्यांना सांभाळ, गुडघ्याला मेंढीची चरबी लाव, माझ्यासाठी प्रार्थना कर.

तुझी,
एर्लिंदा

ता. क. पातेल्यासोबत झाकणही पाठव. झाकण मी दिलं होतं.

ता. क. दुसरा. आता पुडकं सोड. आत माझा निळा ब्लाउज आहे, बटण तुटलेला, तो तुला घालायला पाठवलेला नाही. उर्बाना म्हणते, आत्म्याला अंतर कळत नाही, आवाज कळतो. आपली आई दूध काढत असायची, जेवायला मला तूच बोलवायचीस, गोठ्याच्या दगडी कुंपणावर उभी राहून. दिवस कलताना तिथे जा. ब्लाउज कुंपणावर पसर आणि मला पूर्ण नावाने हाक मार. शिव्या दे. मी पाडलेल्या दुधाच्या घागरीचं काढ, तुझी वेणी कापली होती त्याचं काढ. मी पिठाच्या डब्यापाशी बसून ऐकते आहे. मग ब्लाउज ओढत घरात ने, आणि चुलीवर काही ठेवल्याचं आठवलं तरी मागे वळू नकोस. जळलं तर जळू दे. (हे मी लिहिते आहे, यावरून समज.)

ता. क. तिसरा. त्याआधी फोनला रेंज मिळावी म्हणून टेकडीवर गेलीस आणि तुझ्या फोनवर माझा निरोप आला, तुझ्या गुडघ्याची गोड चौकशी करणारा, शेवटी एक फूल असलेला, तर उत्तर देऊ नकोस. त्यात पातेल्याचं आधी विचारलं आहे का ते बघ. विचारलं नसेल, तर ती मी नाही.